रोहिणीचे पाणी आणि सिंहलमधील यादवी

वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थाने गृहत्याग केला, ही परंपरागत कथा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वीकारली नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलीय यांच्यात उद्भवलेला तंटा हे गृहत्यागाचे कारण मानले आहे. ही दोन्ही कुळे परस्परांची सोयरी. म्हणजे होऊ घातलेले युद्ध एक प्रकारची यादवीच होती. सिद्धार्थाने उभय पक्षांचे प्रत्येकी दोन व त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पंचांकडे वाद सोपविण्याची सूचना मांडली. ती बहुमताने फेटाळली गेली. पुढे वीस ते पन्नास वर्षांच्या शाक्यांना सैन्यात भरती करण्याचा ठराव आला, तेव्हा त्याने शस्त्र धरण्यास नकार दिला. दंड मात्र कुटुंबाला नको, आपल्याला एकट्याला व्हावा, असे सांगून त्याने परिव्रज्या पत्करली. काषाय वस्त्राचा उगम, या मांडणीनुसार, युद्धाच्या नकारात आहे.

तथापि बाबासाहेबांनी निरपवाद अहिंसा मानली, असे म्हणणे चुकीचे ठरेल. मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत त्यांनी भेद केला आहे. सिंह सेनापतीच्या प्रश्नाचे विवेचनही हेच दर्शविते : शांततेचे सर्व मार्ग खुंटल्यावर न्यायासाठी लढणारा दोषी ठरत नाही. १९४१ साली बेळगाव येथे महार रेजिमेंट उभी राहिली, त्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होतेच.

हीच रेजिमेंट पुढे एका बौद्धबहुल देशाच्या यादवीत उतरली. श्रीलंकेत १९८३ पासून सिंहली सत्ता व तमिळ बंडखोर यांच्यात युद्ध पेटले होते. २९ जुलै १९८७ च्या करारानुसार भारतीय शांतिसेना तेथे गेली आणि काही महिन्यांतच बंडखोरांशी लढू लागली. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी ८ महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. मार्च १९९० मध्ये सेना परतली, तेव्हा सुमारे बाराशे भारतीय जवान कामी आले होते. 'शांतिसेना' या शब्दातली ओढाताण यापेक्षा वेगळी काय सांगावी!

त्या कराराला विरोध करणाऱ्यांत चीवरधारी भिक्खूही होते. त्यांची बाजूही समजून घेतली पाहिजे. २ जून १९८७ रोजी अरंतलाव येथे बंडखोरांनी तीसहून अधिक भिक्खू व श्रामणेरांची हत्या केली होती. तो घाव खोटा नव्हता. परंतु २००४ साली नऊ भिक्खू संसदेत निवडून आले आणि त्यांच्या पक्षाने लष्करी तोडग्याचा पुरस्कार केला, तेव्हा ते शाक्य सेनापतीच्या आसनावर जाऊन बसले. मे २००९ मध्ये युद्ध संपले, ते शस्त्रानेच.

या वृत्तीचे मूळ जुने आहे. युद्धातील संहाराने व्यथित झालेल्या दुट्ठगामणी राजाला अर्हतांनी, 'तू खऱ्या अर्थाने दीडच माणूस मारलास', असे सांत्वन केल्याची कथा 'महावंसा'त येते. उरलेले बौद्ध नव्हते, म्हणून मोजणीत नाहीत! विनयपिटकात मात्र याला आधार सापडत नाही. राजाच्या सेवेतील सैनिकाला प्रव्रज्या देऊ नये, असा तेथे नियम आहे. सबळ कारणाखेरीज भिक्खूने युद्धसज्ज सैन्य पाहावयास जाऊ नये. कारण असल्यास दोन-तीन रात्रीच छावणीत राहावे, आणि तेवढ्या मुक्कामातही सैन्याची कवाईत पाहू नये.