कुल विचारणारे कायदे

कर्णाने भर रंगमंडपात अर्जुनाशी द्वंद्व मागितले, तेव्हा कृपाचार्यांनी त्याला त्याचे कुल विचारले आणि त्या पराक्रमी पुरुषाची मान खाली गेली. हा प्रसंग वाचताना आपले मन सहजच कर्णाकडे धाव घेते. परंतु माणसाची पात्रता बाजूस ठेवून त्याचा जन्म तपासण्याची रीत महाभारतकाळाबरोबर लोपली, असे समजण्याचे कारण नाही. आता कुलाऐवजी देश विचारला जातो, एवढेच.

अमेरिकेचे उदाहरण मुद्दाम घ्यावयाचे ते यासाठी, की सर्व माणसे समान आहेत आणि सत्तेला अधिकार प्राप्त होतो तो शासितांच्या संमतीने, हे तत्त्व त्या राष्ट्राने १७७६ साली आपल्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातच उद्घोषिले. आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्यासाठी १८८३ साली तेथे गेल्या, त्याच्या आदल्याच वर्षी चिनी मजुरांना प्रवेशबंदी करणारा कायदा तेथे झाला होता. १९१७ साली ही बंदी हिंदुस्थानासह आशियाच्या फार मोठ्या भागावर पसरली. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात दाखल झालेल्या भगतसिंग थिंड यांनी नागरिकत्व मागितले, तेव्हा सामान्य समजुतीप्रमाणे ते ‘गोरे’ ठरत नाहीत, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९२३ साली दिला. १९४६ साली दार किलकिले झाले, ते वर्षाकाठी अवघ्या १०० हिंदी माणसांसाठी! अखेर १९६५ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी नव्या कायद्यावर स्वाक्षरी केली आणि राष्ट्रवार वाटपाची ती जुनी पद्धत मोडीत निघाली. त्या सुधारणेचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. महाराष्ट्रातील कित्येक घरांतील मुले-मुली त्याच दाराने पलीकडे गेली आहेत.

मात्र वंश पुसला गेला तरी जन्मस्थान पुसले गेले नाही. १९९० च्या कायद्यानुसार नोकरीच्या आधारे मिळणारी ‘ग्रीन कार्डे’ वर्षाला सुमारे १,४०,००० असतात. आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यांतील ७ टक्क्यांहून अधिक सर्वसाधारणपणे मिळू शकत नाहीत. चार लाखांहून कमी वस्तीचा आइसलँड आणि १४० कोटींहून अधिक वस्तीचा भारत यांची मर्यादा एकच. म्हणून एकाच कचेरीत, एकाच पदावर काम करणाऱ्या दोघा इंजिनियरांपैकी पुण्यात जन्मलेला वर्षानुवर्षे रांगेत तिष्ठतो आणि दुसरा त्याच्यानंतर येऊन पुढे निघून जातो. मध्यंतरी पुणेकराने तिसऱ्याच देशाचे नागरिकत्व घेतले तरी उपयोग नाही. कायदा पाहतो ते जन्मस्थान. पत्नी नेपाळात जन्मलेली असेल, तर मात्र तिच्या देशाच्या रांगेत त्याला उभे राहता येते! आणि पाळी येण्यापूर्वी कायद्याच्या हिशेबाने मुलाची एकविशी उलटली, तर बापाच्या अर्जावर त्या मुलाचा हक्क उरत नाही.

सर्व देशांना सारखाच वाटा दिला, मग अन्याय कोठे झाला, असे यावर विचारले जाते. एकाच मोठ्या देशाने साऱ्या जागा व्यापू नयेत, ही भीती अगदीच निराधार नाही. परंतु परवाना देशाला मिळत नसतो, माणसाला मिळतो. राष्ट्राराष्ट्रांत समता राखण्यासाठी माणसामाणसांतील समता मोडणे, हा न्यायाचा विपर्यास होय.

आपल्या घरात कोणाला घ्यावे हे ठरविण्याचा प्रत्येक राष्ट्राचा अधिकार आम्ही नाकारीत नाही. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यानेही देश सोडण्याचा आणि स्वदेशी परतण्याचा हक्क सांगितला. परक्या देशात वसण्याचा सांगितला नाही. परंतु अधिकार असणे वेगळे आणि तो न्यायाने वापरणे वेगळे. प्रवेशाचा कायदा ज्याचे आयुष्य बांधतो, त्याला तो करताना मत नसते. ज्याला मत नाही, त्याला निदान पटण्याजोगे कारण तरी मिळावयास हवे. शिक्षण अपुरे आहे, जागा संपल्या, दुसऱ्याचा अर्ज आधी आला, ही कारणे कडू वाटली तरी समजू शकतात. तू अमुक गावी जन्मलास, हे कारण कोणत्या तोंडाने सांगावयाचे?

हे बोलताना आपल्या अंगणाकडे दुर्लक्ष केले, तर ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे’ असे होईल. १९५९ पासून भारताने तिबेटी निर्वासितांना आश्रय दिला, ही गोष्ट भूषणावह आहे. तथापि १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर भारताची सही नाही. आणि १ जुलै १९८७ पासून भारतात जन्मणे नागरिकत्वास पुरेसे नाही, आईबापांपैकी निदान एक तरी भारतीय नागरिक हवा. त्यामुळे तिबेटहून आलेल्या आईबापांच्या पोटी त्यानंतर धरमशाळेत जन्मलेला, येथेच लहानाचा मोठा झालेला तरुण जन्माने भारतीय ठरत नाही. अमेरिका आपल्या मुलांचे जन्मस्थान विसरत नाही, म्हणून आपण कष्टी होतो. या तरुणाचे जन्मस्थान मात्र आपण जमेस धरीत नाही. दोन्हीकडे शिक्षा होते ती ज्यात स्वतःचा काडीमात्र हात नाही अशा गोष्टीबद्दल.

दुर्योधनाने कर्णाला अंगदेशाचे राज्य देऊन त्या दिवशीची वेळ निभावून नेली. ते औदार्य होते आणि त्याची किंमत कर्णाला जन्मभर मोजावी लागली. राष्ट्रांकडे असले औदार्य मागण्याचे प्रयोजन नाही. दाराशी आलेल्या माणसाने काय केले आहे आणि तो काय करू शकतो, हे त्याला आधी विचारावे, इतकीच मागणी आहे. ती वॉशिंग्टनपाशी करावयाची असेल, तर दिल्लीपाशीही केली पाहिजे.