हिवतापावरचे कडू काढे

इंदापूर तालुक्यातलं सणसर नीरा डाव्या कालव्याच्या बागायती पट्ट्यात येतं. पाणी साचून राहिलं की डास आले आणि थंडी वाजून येणारा हिवतापही.

त्यावरचे जुने उपाय सगळे कडू: काडेचिराईत, गुळवेल, मिरपुडीसोबत सागरगोट्याचा गर. सातविणीची साल तर एकोणिसाव्या शतकात क्विनाइनला पर्याय म्हणूनही वापरून पाहिली गेली. पण हिवताप बरा करण्याच्या कसोटीला यातलं काहीच पुरेसं उतरलेलं नाही.

उतरल्या त्या दोन परदेशी वनस्पती. सिंकोनाच्या सालीतून 1820 मध्ये क्विनाइन वेगळं झालं. चिनी औषधी वनस्पतीतून आर्टेमिसिनिन शोधणाऱ्या तू यूयू यांना 2015 चं नोबेल मिळालं.

ताप येताच रक्त तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी आणि औषध मोफत मिळतं.