वस्त्रगाळ पाणी आणि निर्मळ तीर्थ

आषाढ शुद्ध एकादशी हा भाविकांच्या जीवनातील परम आनंदाचा दिवस. नदीचे स्नान, कळसाचे दर्शन आणि घरी परतताना तांब्यात भरून नेलेले तीर्थ, एवढ्या शिदोरीवर आमच्या वारकऱ्याचे वर्ष सुखाने सरते. त्या तांब्यातील पाण्याविषयी आज चार शब्द लिहावयाचे आहेत. सणाच्या दिवशी हा विषय रूक्ष वाटेल. परंतु तो लिहिणे आम्हांस भाग आहे, कारण या बाबतीत आमच्या हातून एक अपराध घडला आहे.

काही वर्षांपूर्वी आषाढातच आमच्या या नदीकाठच्या क्षेत्री आमचे कीर्तन होते. पूर्वरंगात तीर्थमाहात्म्याचे निरूपण चालले असता ओघात आम्ही बोलून गेलो, की गंगेच्या पाण्यात रोगजंतू जगत नाहीत हे एका इंग्रज शास्त्रज्ञानेच सिद्ध केले आहे. आणि सर्व नद्या या गंगेचेच रूप असल्याने आपल्या नदीची थोरवी वेगळी सांगावयास नको. श्रोत्यांनी माना डोलावल्या, आम्हीही सुखावलो. तिसऱ्या दिवशी सकाळी एक वृद्ध माउली दारी आली. म्हणाली, "बुवा, तुमच्या शब्दावर नातवाला नदीचं पाणी पाजलं हो. पोराला हगवण लागलीय. रात्रीपासून सलाईन चालू आहे." मूल दोन दिवसांत बरे झाले, ही पांडुरंगाची आणि डॉक्टरांची कृपा. त्या माउलीच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता, तर आमचे मन थोडे हलके झाले असते.

तेव्हापासून पोथीबरोबरच पाण्याच्या शास्त्राचेही वाचन आम्ही चालविले आहे. जे कळले ते नारदाच्या गादीवरून सांगतोच. आज या पानावरून सांगतो.

अर्धे सत्य

आम्ही कीर्तनात जे सांगितले ते सर्वस्वी खोटे नव्हते. अर्नेस्ट हॅन्किन नावाच्या संशोधकाने १८९६ साली गंगा आणि यमुना यांच्या पाण्यात पटकीचे जंतू नष्ट होतात असे निरीक्षण प्रसिद्ध केले होते. ते पाणी उकळले की त्याचा हा गुण नाहीसा होतो, हेही त्याने नोंदविले. पुढे १९१७ साली फेलिक्स द'हेरेल यांनी जंतूंना खाणारे विषाणू शोधले आणि त्यांस 'बॅक्टेरिओफाज', म्हणजे जंतुभक्षक, असे नाव दिले. हॅन्किनला जे दिसले ते या भक्षकांचे कार्य असावे, असे अनेकांस वाटते.

परंतु या कथेचा उत्तररंग आम्ही सांगितला नव्हता. भक्षक तेथेच वाढतो, जेथे त्याचे भक्ष्य असते. पाण्यात पटकीचे भक्षक विषाणू आढळले, तर त्याच पाण्यात पटकीचे जंतूही आहेत किंवा नुकतेच होते, असा त्याचा अर्थ होतो. बांगलादेशातील ढाका येथे झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दिसले, की पाण्यात हे भक्षक वाढले की साथ ओसरते आणि ते कमी असताना साथ भडकते. म्हणजे नदीत एक युद्ध अखंड चालू असते. त्या युद्धात आज कोणाचा जय आहे, हे ओंजळीत पाणी घेणाऱ्यास कसे कळावे? जे पाणी स्वतःशी झुंजत आहे ते निर्मळ आहे, असे म्हणणे हे आमचे अज्ञान होते.

रोगबीजाचे घर

पटकी पाण्यावाटे पसरते हे लंडन येथे जॉन स्नो यांनी १८५४ साली दाखविले. १८८४ साली रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यास या रोगाचे स्वल्पविरामासारखे वाकडे जंतू वेगळे केले; तेथील एका तलावाच्या पाण्यातही ते त्यांना सापडले. आमच्याकडे या रोगाचे भय एवढे होते, की त्याच्या कोपासाठी जरीमरी आणि मरीआई यांची ठाणी गावोगाव उभी राहिली. यात्रा आणि पटकी ही तर एके काळी जोडशब्दासारखी नावे होती.

तथापि एक कोडे उरले होते. दोन साथींच्या मधल्या काळात हा जंतू जातो कोठे? तो केवळ मनुष्याच्या आतड्यात राहतो आणि पाण्यात फार काळ टिकत नाही, असेच दीर्घकाळ मानले जात होते. अमेरिकेतील विदुषी रिटा कॉलवेल आणि त्यांचे सहकारी यांनी हे मत बदलून टाकले. नद्यांची मुखे, खाड्या, तळी यांच्या पाण्यातच या जंतूचे मूळ घर आहे, असे त्यांनी दाखविले. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो मरत नाही, एक प्रकारच्या निद्रेत जातो. त्या अवस्थेत प्रयोगशाळेतील नेहमीच्या रीतीने त्याची वाढ करता येत नाही, म्हणून तो नाहीच असे वाटते. प्रत्यक्षात तो जिवंत असतो. १९८२ साली हे संशोधन पुढे आले. देवशयनी एकादशीच्या दिवशी निद्रेचा हा दाखला अस्थानी ठरू नये. भगवंताची निद्रा जगाच्या पालनासाठी, आणि या जंतूची केवळ संधीची वाट पाहण्यासाठी, एवढाच काय तो भेद!

तो निजतो कोठे, हेही कळले. साचलेल्या आणि संथ पाण्यात डोळ्यांना जेमतेम दिसणारे, उड्या मारत पोहणारे बारीक जलचर असतात. शास्त्रज्ञ त्यांना कोपेपॉड म्हणतात. आपल्या शाळांच्या पुस्तकांतील सायक्लॉप्स हा त्यांच्याच कुळातला. त्यांचे कवच ज्या द्रव्याचे असते, ते या जंतूचे अन्न आहे. एकेका कोपेपॉडच्या अंगावर १०,००० पर्यंत जंतू चिकटलेले असू शकतात. ऊन, पोषण आणि पाण्याची ऊब यांनी शेवाळ वाढले की हे जलचर वाढतात आणि त्यांच्या पाठीवर बसून रोगही वाढतो. त्यावर माणसाने पाण्यातच मलविसर्जन केले, की एका रुग्णापासून शेकडो रुग्ण होतात.

जुनेराची गाळणी

आता या कथेतील सर्वांत साधे आणि आम्हांस सर्वांत प्रिय असलेले प्रकरण सांगतो. जंतू एवढा सूक्ष्म, की मिलिमीटरचे हजार भाग केले तर त्यातील दोन-तीन भागांएवढी त्याची लांबी. तो कोणत्या कापडाने अडणार? परंतु तो ज्यावर बसतो तो कोपेपॉड त्याच्या शेकडो पट मोठा आहे. वाहन अडविले की स्वारही अडतो. कॉलवेल आणि अन्वर हक यांच्या चमूने बांगलादेशातील मतलब या भागात ६५ खेड्यांत, सुमारे १,३३,००० लोकवस्तीत हा प्रयोग केला. तेथील स्त्रियांना एवढेच शिकविले, की तळ्याचे किंवा नदीचे पाणी भरताना घागरीच्या तोंडावर जुन्या सुती साडीची किमान चार पदरी घडी धरावी, आणि नंतर ती घडी धुऊन उन्हात वाळवावी. २००३ साली या प्रयोगाचे फलित प्रसिद्ध झाले. जेथे पाणी साडीतून गाळले गेले, तेथे पटकीचे रोगी ४८ टक्क्यांनी घटले होते.

यातील मौज अशी, की नव्या साडीपेक्षा जुनी साडी अधिक उपयोगी ठरते. वारंवार धुण्याने सुताचे तंतू विसविशीत होऊन छिद्रे अधिक बारीक होतात. ज्याला आपल्या आजीबाई 'जुनेर' म्हणून बाजूला ठेवीत, तेच मोलाचे ठरले. लाखो रुपयांच्या यंत्रांविना, गरिबाच्या घरी आधीच असलेल्या वस्त्राने हे साधले.

असाच अनुभव आपल्या देशाने स्वतः घेतला आहे. नारूचे नाव आजच्या पिढीने ऐकलेही नसेल. पायऱ्यांच्या विहिरीत आणि बारवांत उतरून पाणी भरणाऱ्यांना हा रोग होई. नारूचे बाल्यरूप सायक्लॉप्सच्या पोटात वाढे, ते पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जाई, आणि वर्षभराने हात-दीड हात लांबीचा कृमी पायाची त्वचा फोडून बाहेर येई. तो पाय पुन्हा विहिरीत बुडाला की चक्र पूर्ण होई. यावर औषध नव्हते, लस नव्हती. पाणी गाळणे, रुग्णाला विहिरीत उतरू न देणे, पायऱ्यांच्या विहिरींना कठडे घालणे, पाण्यात औषध टाकणे आणि हातपंप बसविणे, एवढ्याच उपायांनी भारतातील शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले.

'जंतु' या शब्दाचा मोह

आता संस्कृतच्या अभ्यासकाचा मोह आवरणे अवघड होते. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात संन्याशाने पाणी वस्त्राने गाळून प्यावे, असे सांगितले आहे. आणि टीकाकार त्याचे कारण पाण्यातील क्षुद्र जंतू असे देतात. हे वाचून कोणीही म्हणेल, की पाहा, आमच्या पूर्वजांना रोगजंतू ठाऊक होते! आम्हीही एकदा असेच म्हणणार होतो.

परंतु शब्दाशी प्रामाणिक राहिले पाहिजे. मराठीत आज 'जंतू' म्हटले की रोग आठवतो. संस्कृतात 'जन्' या धातूपासून आलेला 'जन्तु' म्हणजे जन्म पावलेला कोणताही जीव. मनुष्यही त्यात आला. संन्याशाने पाणी गाळावयाचे ते स्वतः आजारी पडू नये म्हणून नव्हे. आपल्या घोटाबरोबर एखादा मुका जीव मरू नये, म्हणून. जैन बांधवांच्या घरी आजही पाणी गाळून झाल्यावर गाळण्यात राहिलेले जीव त्याच जलाशयात अलगद परत सोडण्याची रीत आहे. तिचे कारणही हेच.

आमच्या मते हा अर्थ पहिल्या अर्थाहून अधिक सुंदर आहे. पूर्वजांना सूक्ष्मदर्शक यंत्र ठाऊक नव्हते, म्हणून त्यांची थोरवी उणी होत नाही. त्यांनी जीवाला वाचविण्यासाठी वस्त्र धरले. त्या वस्त्राने माणसेही वाचतात, हे शास्त्रज्ञांनी कष्टाने सिद्ध केले. दयेचे श्रेय त्यांना आणि ज्ञानाचे श्रेय यांना. एकाचे श्रेय दुसऱ्याच्या पदरात टाकणे हे दोघांचाही अवमान करणे होय.

सोवळे आणि स्वच्छ

ज्या ग्रंथाचा आधार घेतला, त्याची दुसरी बाजू झाकून ठेवणे आम्हांस शोभणार नाही. पाण्यात मलमूत्र टाकू नये, थुंकू नये, असा निषेध त्याच स्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. तो आम्ही धाब्यावर बसविला. आणि माणसामाणसांत भेद करणारी तिची वचने मात्र निष्ठेने पाळली. १९२७ साली महाडच्या चवदार तळ्याचे पाणी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे सहकारी प्याले, तेव्हा तळे बाटले म्हणून त्यात पंचगव्य ओतून 'शुद्धी' करण्यात आली. शेणाने आणि गोमूत्राने शुद्ध होणारे, आणि तहानलेल्या माणसाच्या ओंजळीने अशुद्ध होणारे ते कसले पाणी? सोवळे आणि स्वच्छ यांत गल्लत केली की समाजाची बुद्धी कोठवर घसरते, याचे याहून लाजिरवाणे उदाहरण नाही. पटकीचा जंतू कोणाची जात विचारीत नाही.

नदीवर श्रद्धा असणे आणि नदीचे पाणी पिण्याजोगे असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. 'तीर्थ' शब्दाचा मूळ अर्थ उतार, म्हणजे पलीकडे जाण्याची वाट. जी वाट रुग्णालयात नेते ती तीर्थ कशी म्हणावी? स्नान अवश्य करावे, तीर्थ मस्तकी शिंपडावे. परंतु प्यावयाचे पाणी चार पदरी जुन्या सुती वस्त्रातून गाळावे आणि नंतर उकळावे, किंवा क्लोरिनचे औषध टाकून घ्यावे. केवळ गाळणे पुरेसे नाही, हे विसरू नये. मोकळे पोहणारे जंतू आणि काविळीचे विषाणू कापडातून सहज निसटतात. कोणास जुलाब लागलेच, तर साखर-मिठाचे पाणी ताबडतोब सुरू करावे आणि वैद्यकीय पथक गाठावे. १९७१ साली बांगलादेशाच्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या द्रावणाने असंख्य जीव वाचविले. आणि घाटावर, वाळवंटात, काठाच्या झुडपांत कोणी बसू नये. फिरत्या शौचालयाची रांग लांब असली, तरी तीही वारीचीच रांग समजावी.

गेल्या वर्षी ती माउली पुन्हा कीर्तनास आली होती. सोबत नातू होता, आता चांगला उंच झालेला. तिच्या कळशीच्या तोंडाला विटक्या हिरव्या लुगड्याची घडी बांधलेली पाहून आम्हांस समाधान वाटले. आम्ही विचारले, "आजी, गाळलंत ते उत्तम. उकळता ना?" ती हसली. म्हणाली, "उकळते बुवा. आता तुमच्या नुसत्या शब्दावर नाही पाजत."

हा प्रसाद आम्ही शिरोधार्य मानला आहे.