मूर्च्छेची जबानी

वारसनोंदीच्या कामासाठी मी एका तालुक्याच्या कचेरीत रांगेत उभा होतो. वैशाखातला सोमवार, अकराचा सुमार, पत्र्याच्या पडवीखाली साचलेला उष्मा आणि माणसांची दाटी यांनी आधीच जीव कासावीस झालेला. अशात माझ्या पुढच्या, पासष्टीच्या घरातल्या गृहस्थांनी एक मोठी जांभई दिली, पाठोपाठ दुसरी दिली, पटक्याच्या शेवाने कपाळावरचा घाम टिपला, आणि मी काही विचारणार तोच त्यांच्या तोंडाचा रंग राखेसारखा होऊन ते गुडघ्यांत मोडत खाली आले. चार जणांनी धावून त्यांना उचलले, बाकावर बसवले आणि दोन्ही काखांत हात घालून ताठ धरले. ते शुद्धीवर तर आले नाहीतच, उलट त्यांचे हात दोन-चार वेळा झटकले गेले आणि उघडे डोळे वर फिरले. तेव्हा कोणी म्हणाले, “फेफरं आलंय, जोडा हुंगवा,” आणि कोणी भाकरीच्या फडक्यातला कांदा काढून बुक्कीने फोडला. इतक्यात स्वतःच्या दाखल्यासाठी आलेल्या एक वयस्क परिचारिकाबाई गर्दी सारीत पुढे झाल्या आणि सर्वांवर खेकसल्या, “बसवताय कशाला माणसाला? आडवं घाला, पाय वर धरा!” पाय वर धरल्याला अर्धे मिनिटही झाले नसेल, तोच राखेवर तांबूस झाक आली, आणि गृहस्थांनी पहिला प्रश्न केला तो असा: “माजी पिशवी कुटं हाय?”

ही हकीकत सविस्तर सांगण्याचे कारण असे, की मूर्च्छा हा बहुधा साक्षीपुराव्यावर चालणारा आजार आहे. ताप वैद्य येईपर्यंत थांबतो, गळू तर कित्येक दिवस थांबते. मूर्च्छा मात्र वैद्याला खबर पोहोचण्यापूर्वीच निकालात निघालेली असते, आणि ज्याच्यावर प्रसंग गुदरला तो मुख्य फिर्यादी नेमका त्याच घटकेचा साक्षीदार नसतो. उरते ती आजूबाजूच्यांची जबानी. तीही गोंधळलेली, कारण आपण चक्कर, भोवळ, घेरी, झीट आणि अंधारी हे सगळे शब्द एकाच खिशात घालून फिरतो. वस्तुतः ज्याला चक्कर येते त्याच्याभोवती घर फिरते, आणि त्याचे मूळ पुष्कळदा कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या इंद्रियात असते. उलट ज्याची शुद्ध जाणार त्याचे घर फिरत नाही, ते विझत जाते. कानांत दडे बसतात, आवाज लांबून येतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. रक्ताची रसद तुटली की दृष्टिपटल मेंदूच्याही किंचित आधी हार मानते, म्हणून अंधार आधी आणि बेशुद्धी मागाहून.

मूर्च्छा या शब्दाची गंमत अशी, की पाणिनीय धातुपाठात या धातूला मोह आणि समुच्छ्राय, म्हणजे वाढणे अथवा दाटून येणे, असे दोन्ही अर्थ दिले आहेत. त्यामुळेच गवयाची मूर्च्छना आणि रसवैद्याने खलात घोटून मूर्च्छित केलेला पारा ही तिची सख्खी भावंडे ठरतात. दाटून येण्याचा हा अर्थ चरकाला मानवला असावा. सूत्रस्थानाच्या चोविसाव्या अध्यायात, जिथे रक्ताच्या दुष्टीचा विचार आहे, तिथे त्याने मद म्हणजे धुंदी, मूर्च्छा आणि संन्यास म्हणजे गाढ बेशुद्धी अशा चढत्या तीन पायऱ्या सांगितल्या, आणि रोगी तमात शिरण्यापूर्वी त्याला आकाश कसे दिसते हे दोषपरत्वे नोंदवले: वाताच्या मूर्च्छेत निळे, काळे किंवा अरुणवर्ण, पित्ताच्या मूर्च्छेत तांबडे, हिरवे वा पिवळे, कफाच्या मूर्च्छेत ढगांनी झाकोळलेले. वात-पित्त-कफाची ही वाटणी आज कोणी मानो न मानो, उठलेल्या रोग्याला ‘पडण्याआधी काय दिसले?’ असे विचारल्याखेरीज ही ओळ लिहिली गेली नसती, एवढे उघड आहे. वाताची मूर्च्छा लवकर उतरते, हीही नोंद तिथेच आहे.

परंतु त्या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटणारा भेद निराळाच आहे. मद आणि मूर्च्छा दोषांचा वेग ओसरला की आपोआप शमतात, संन्यास मात्र औषधावाचून उतरत नाही, असे चरक बजावतो. संन्यासी रोग्याला जागे करण्यासाठी त्याने तीक्ष्ण अंजने, नाकात फुंकायची चूर्णे, सुयांची टोचणी, नखांच्या फटीत पीडा, केस उपटणे, दातांनी चावणे आणि अंगाला खाजकुहिली घासणे असा जो बंदोबस्त सांगितला आहे, तो वाचून निरोगी माणसाचीही झोप उडावी. या कसोटीने पाहता शक्ती लागून पडलेल्या लक्ष्मणाला आपण सर्रास मूर्च्छित म्हणतो ते शास्त्राला धरून नव्हे. ज्याच्यासाठी द्रोणागिरी आणावा लागला तो संन्यासच. (हा शब्द घर सोडणाऱ्यांनी वैद्यांकडून उचलला की वैद्यांनी त्यांच्याकडून, हा वाद दुसऱ्या कोणी लढवावा.) आजचा डॉक्टरही पहिला प्रश्न हाच विचारतो: माणूस आपोआप उठला का, आणि किती वेळात?

सुश्रुताने उत्तरतंत्रात मूर्च्छेचे सहा प्रकार मानले, त्यांत रक्तजन्य मूर्च्छेला स्वतंत्र जागा दिली, आणि रक्ताच्या गंधाने माणसे मूर्च्छित होतात याची कारणमीमांसा देऊन, काही जण नुसते पाहूनही पडतात ही दुसरी बाजूही दप्तरी नोंदवून ठेवली. सुई टोचताच आडवा होणारा धिप्पाड जवान आपल्या सर्वांच्या पाहण्यातला आहे. त्याच्या शरीरात काय घडते, याचा पहिला धागा अठराव्या शतकात लंडनचे शल्यवैद्य जॉन हंटर यांच्या हाती लागला होता. एका बाईंची शीर तोडून रक्त काढीत असता बाईंना घेरी आली, आणि काळसर वाहणारे रक्त बेशुद्धीच्या काळात लालभडक वाहू लागले, असे हंटरनी लिहून ठेवले. त्यांचा रक्तविषयक ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर, १७९४ साली निघाला, आणि ही साक्ष त्यात दीडशे वर्षे जवळजवळ बिनवापर पडून राहिली.

१९३२ साली ब्रिटिश हृदयवैद्य सर टॉमस लुईस यांनी या साध्या मूर्च्छेला ‘वासोव्हेगल’ हे नाव रूढ केले. ते मज्जावैद्य गॉवर्स यांनी १९०७ च्या आपल्या पुस्तकात निराळ्या झटक्यांसाठी योजले होते. नावातच दोन आरोपी आहेत: रक्तवाहिन्या आणि व्हेगस, म्हणजे डोक्यातून निघून पोटापर्यंत भटकणारा, लॅटिनमध्ये नावानेच ‘भटक्या’ असलेला मज्जातंतू, ज्याच्या हुकमाने नाडी मंदावते. लुईस यांनी अॅट्रोपिन टोचून व्हेगसचा अंमल उठवला. नाडी जलद झाली, पण रक्तदाब खालीच राहिला आणि तोंड पांढरेफटकच. म्हणजे मुख्य गुन्हेगार दुसरा. मग ऐन महायुद्धात, १९४४ साली, बार्क्रॉफ्ट, एडहोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वयंसेवकांचे रक्त काढून त्यांना मुद्दाम मूर्च्छा आणली, आणि दिसले ते असे, की त्या क्षणी हातांच्या स्नायूंतील रक्तवाहिन्या एकाएकी सैलावतात. सगळे पाट एकदम उघडले की टोकाच्या वाफ्याला पाणी पोहोचू नये, तशी मेंदूची गत होते. स्नायूंतून रक्त इतक्या घाईने निघून जाते की त्यातला प्राणवायू पुरता वेचलाच जात नाही. हंटरना शिरेतून लाल रक्त दिसले त्याचा उलगडा बहुधा हाच.

मेंदू वजनाने देहाच्या २ टक्क्यांच्या आसपास, पण हृदयातून निघालेल्या रक्ताचा सुमारे १५ टक्के वाटा तो घेतो, आणि शिल्लक म्हणाल तर काही सेकंदांची. १९४३ साली मिनेसोटात तरुणांच्या मानेभोवती फुगवता येणारा पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबवण्याचे जे प्रयोग झाले, ते आज कोणी करू देणार नाही. त्यांत सुमारे सात सेकंदांत शुद्ध हरपली. आता उभ्या माणसाचे पाहा. उठताच अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटात नि पायांत उतरते. मानेतल्या धमनीच्या फुगवट्यात तैनात असलेले दाबाचे हेर ती खबर वर देतात, शिरा आवळतात, नाडी वाढते, आणि पोटऱ्यांचे स्नायू हलता-हलता रक्त वर ढकलीत राहतात. म्हणून चालणारा सहसा पडत नाही. पडतो तो ताठ उभा राहणारा: संचलनातला शिपाई, प्रार्थनेला उभा केलेला शाळकरी पोर, आणि कचेरीच्या रांगेतला नागरिक. पायांवर पाय आवळून उभे राहणे, मुठी घट्ट मिटणे, अर्धा लिटर पाणी पिणे, एवढ्यानेही पुष्कळदा अरिष्ट टळते. आणि नाहीच टळले तर माणूस जमिनीवर येतो, हा निसर्गाचा इलाजच म्हटला पाहिजे. कारण आडव्या देहात रक्ताला मेंदूपर्यंत चढण लागत नाही. आमच्या कचेरीतल्या चार परोपकाऱ्यांनी नेमका तो इलाज हिरावून घेतला होता.

हात झटकण्याचेही तसेच. १९९४ साली बर्लिनमध्ये लेम्पर्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी निरोगी तरुणांना मूर्च्छा आणून चित्रफिती घेतल्या, तेव्हा पूर्ण शुद्ध गेलेल्यांपैकी दहांत नवांचे स्नायू झटकले, आणि डोळे बहुतेकांचे उघडेच होते. झटके आले म्हणजे अपस्मारच, हा आपला समज या साक्षीपुढे टिकत नाही. अपस्माराचा माणूस पुष्कळदा जिभेची कड चावतो, काळानिळा पडतो आणि उठल्यावर बराच वेळ भ्रमिष्टासारखा असतो. मूर्च्छेचा माणूस पांढरा पडतो आणि उठल्याबरोबर पिशवी मागतो. हा पांढरेपणा नाट्यशास्त्रालाही ठाऊक होता: आठ सात्त्विक भावांच्या, म्हणजे भावनेने देहावर आपोआप उमटणाऱ्या खुणांच्या, यादीत त्याने स्वेद, वैवर्ण्य आणि शेवटी प्रलय घातले. घाम, पांढरेपणा, शुद्ध जाणे. भवभूतीच्या उत्तररामचरितात तिसऱ्या अंकात राम मूर्च्छित होतो आणि अदृश्य सीतेच्या स्पर्शाने सावध होतो, याचे कॉलेजात असताना आम्हांला हसू येई. आता येत नाही.

मात्र एका जातीच्या मूर्च्छेला जामीन नाही. जिला घामाची, जांभईची पूर्वसूचना नसते, जी धावताना किंवा निजल्या जागी येते, जी एखाद्या घरात तरण्या मुलांच्या अवचित मृत्यूंच्या मालिकेत बसते, तिचा तपास हृदयाच्या दारी करावा लागतो. हृदयाच्या झडपेचे दार अरुंद झालेले असते, स्पंदनांची लय बिघडलेली असते, किंवा वरच्या कप्प्याचा हुकूम खालच्या कप्प्यापर्यंत पोहोचतच नाही. या शेवटच्या प्रकाराची रुग्णवृत्ते डब्लिनच्या अॅडम्सनी १८२७ साली आणि स्टोक्सनी १८४६ साली लिहिली. १९५८ साली स्टॉकहोममध्ये अशाच झटक्यांनी दिवसातून अनेकदा शुद्ध हरपणाऱ्या आर्ने लार्सन यांच्या देहात, शल्यवैद्य सेनिंग यांनी अभियंता एल्मक्विस्ट यांनी घडवलेला पेसमेकर बसवला. पहिले यंत्र काही तासांत बंद पडले, दुसरे घातले. पुढे वीसहून अधिक यंत्रे बदलत लार्सन ८६ वर्षांचे होऊन २००१ साली वारले, तेव्हा एल्मक्विस्ट आणि सेनिंग दोघेही हयात नव्हते.

आमच्या गृहस्थांना दवाखान्यात नेले तेव्हा तरुण डॉक्टरीणबाईंनी त्यांना बसवून, उभे करून रक्तदाब मोजला, हृदयाचा आलेख काढला, आणि मग माझ्याकडे वळून विचारले, “पडताना तुम्ही जवळ होता ना? रंग कसा होता?” मी जांभयांपासून सगळे सांगितले. गृहस्थांना विचारले तेव्हा निघाले की सोमवार धरलेला, पहाटेच्या एस.टी.साठी चारला उठलेले, आणि ‘प्रेशर’ची नवी गोळी चार दिवसांमागे सुरू झालेली. बाईंनी गोळीचे प्रमाण उतरवले, पाणी प्यायला लावले, आठ दिवसांनी या म्हणाल्या. गृहस्थांचे चित्त मात्र कचेरीत होते. नंबर गेला असणार, ही एकच धास्ती. परत गेलो तो रांग बरीच सरकली होती, आणि परिचारिकाबाईंच्या पुढे, माणसाने सोडावी तेवढीच जागा सोडून, त्यांची पिशवी रांगेत उभी होती.