वडाचा आफ्रिकेतला चुलतभाऊ



हल्ली आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या दिवाणखान्यात एक झाड दिसते. सरळ खोड आणि त्यावर मोठी, जाड, चकचकीत पाने. पान मध्यावर कमरेसारखे आवळलेले असते, म्हणून इंग्रजीत या झाडाला फिडल लीफ फिग म्हणतात. शास्त्रीय नाव फायकस लिराटा. मराठीत त्याला रूढ नाव नाही, म्हणून आमच्या रविवारच्या वर्गातील मुलांनी त्याचे बारसे करून टाकले: ‘सारंगी वड’. शब्दकोशात हा शब्द सापडणार नाही, पण या लेखात आम्ही तोच वापरणार आहोत.

दुकानातून आणताना हे झाड मोठे दिमाखदार असते. पुढे एक हिवाळा गेला की पाने डागाळतात, एकेक करून गळतात आणि शेवटी शेंड्यावर चार पाने उरतात, अशी तक्रार आम्ही अनेक पालकांकडून ऐकली आहे. मग ‘फार नखरेल झाड’ असा शिक्का बसतो आणि कुंडी कचऱ्याच्या डब्याशेजारी जाते. आमचे म्हणणे असे, की हे झाड कुठून आले आणि तिथे कसे वाढते एवढे कळले, तर त्याला काय हवे ते बहुतेक आपले आपणच ओळखता येते. म्हणून आधी त्याच्या गावाला जाऊन येऊ.

गाव आणि गोतावळा

पश्चिम आफ्रिकेत सिएरा लिओनपासून कॅमेरूनपर्यंतच्या सखल प्रदेशात घनदाट पर्जन्यवने आहेत. सारंगी वड तिथला. तिथे वर्षभर हवा उबदार आणि दमट असते. बर्फ, हीटर, कोरडी हवा यांतले काहीच त्याच्या पूर्वजांनी पाहिलेले नाही. ओटो वारबुर्ग या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९४ साली या झाडाला शास्त्रीय नाव दिले. लिराटा म्हणजे ‘लायर’च्या आकाराचे. लायर हे प्राचीन ग्रीकांचे तंतुवाद्य. आपल्या घरात सहा-सात फुटांवर थांबणारे हे झाड जंगलात चाळीस-पन्नास फूट उंच होते. त्याचे पान दीड फूट लांब आणि एक फूट रुंद होऊ शकते.

नावातल्या ‘फायकस’ या पहिल्या शब्दाकडे लक्ष द्या. ते आडनाव आहे असे समजा. आपला वड, पिंपळ, उंबर, नांदरूक आणि अंजीर यांचेही आडनाव फायकसच. म्हणजे आपल्या दिवाणखान्यात उभे असलेले झाड हे वडाचे आफ्रिकेतले चुलतभावंड आहे.

या घराण्याची एक खूण तुमच्या आजी-आजोबांच्या बोलण्यात आहे. क्वचितच दिसणाऱ्या माणसाला मराठीत ‘उंबराचे फूल’ म्हणतात. उंबराला फूल येतच नाही असे लोकांना वाटे. खरे पाहता आपण ज्याला उंबर किंवा अंजीर म्हणतो, त्या गोळ्याच्या आत शेकडो बारीक फुले दडलेली असतात. अगदी छोट्या गांधीलमाश्या एका इवल्या भोकातून आत शिरतात आणि परागीभवन करतात. सारंगी वडाचेही तसेच. घरातल्या कुंडीत मात्र त्याला सहसा फळ धरत नाही. फळ आले नाही म्हणून काळजी करू नका.

दुसऱ्याच्या खांद्यावर जन्म

आई-बाबांना विचारा, मुंबई-पुण्यातल्या जुन्या इमारतीच्या भिंतीतून उगवलेला पिंपळ पाहिला आहे का? बहुतेक सगळे ‘हो’ म्हणतील. पक्षी फळ खातात, त्यांच्या विष्ठेतून बी भिंतीच्या फटीत पडते आणि तिथेच रुजते. माती नाही, कुंडी नाही, तरी रोप ठणठणीत.

सारंगी वडही जंगलात पुष्कळदा असाच जन्मतो. बी पडते ते दुसऱ्या एखाद्या उंच झाडाच्या फांदीवर, सालीच्या बेचक्यात साठलेल्या पालापाचोळ्यात. रोप तिथे वाढू लागते आणि आपली मुळे खाली जमिनीकडे सोडते. मुळे जमिनीत पोचली की ते जोमाने वाढते. कधी कधी ज्याच्या खांद्यावर ते वाढले, त्या झाडाभोवतीच मुळांचे जाळे विणून त्याला गुदमरवूनही टाकते.

या जन्मकथेतून आपल्या कामाच्या तीन गोष्टी निघतात. पहिली, उंच फांदीवर भरपूर उजेड असतो. दुसरी, तिथे पाऊस खूप पडला तरी पाणी साचत नाही, लगेच निथळून जाते. तिसरी, ज्या फांदीवर रोप रुजले तिथेच त्याचे आयुष्य जाते. जागा बदलण्याची त्याला सवय नाही. आता या तीन गोष्टी आपल्या घरात आणू.

उजेड

पूर्वेची खिडकी उत्तम. दक्षिणेची असेल तर कुंडी खिडकीपासून तीन-चार फूट आत ठेवा. दुपारचे कडक ऊन थेट पानांवर आले तर पाने भाजतात. उत्तरेच्या खिडकीत बहुधा उजेड अपुरा पडतो, हिवाळ्यात तर नक्कीच.

उजेड पुरेसा आहे की नाही हे मुलांना सहज तपासता येईल. दुपारी झाडाशेजारी पांढरा कागद धरा आणि त्यावर हाताची सावली पाडा. सावलीत बोटे वेगवेगळी दिसली तर उजेड चांगला. नुसता धूसर डाग दिसला तर झाड खिडकीजवळ न्या.

उजेड एकाच बाजूने येत असल्याने झाड त्या बाजूला कलते. दर दोन आठवड्यांनी कुंडी पाव फेरा फिरवा. पानांवर धूळ बसली तर उजेड कमी पोचतो, म्हणून महिन्यातून एकदा पाने ओल्या मऊ फडक्याने पुसा. एक हात पानाखाली आधाराला ठेवा. हे काम घरातल्या सर्वांत धाकट्या सदस्याला द्यावे, असे आम्ही सुचवतो.

पाणी

या झाडाचे सर्वांत जास्त हाल प्रेमानेच होतात. रोज थोडे थोडे पाणी घातले की माती कायम ओली राहते. मुळांनाही हवा लागते. ओल्या चिखलात ती गुदमरतात, कुजतात आणि मग पाणी वर चढवू शकत नाहीत. पाने मलूल होतात. ते पाहून आपण आणखी पाणी घालतो आणि झाड जाते.

पाणी घालण्यापूर्वी बोट दोन पेरांपर्यंत मातीत घाला. आत ओल लागली तर थांबा. कोरडे लागले तर कुंडीच्या तळाच्या भोकांतून पाणी बाहेर येईपर्यंत भरपूर घाला आणि खालच्या ताटलीत साचलेले पाणी ओतून टाका. उन्हाळ्यात साधारण आठवड्यातून एकदा पाणी लागते, हिवाळ्यात त्याहून कमी. पण कॅलेंडरपेक्षा बोटावर विश्वास ठेवा. तळाला भोक नसलेली कुंडी कितीही सुंदर असली तरी तिच्यात हे झाड लावू नका.

पानेही सांगतात. खालच्या पानांवर गडद तपकिरी डाग पडून पसरत गेले, तर पाणी जास्त होत आहे. कडा कुरकुरीत होऊन वाळल्या, तर पाणी किंवा हवेतला दमटपणा कमी पडतो आहे. पानाखाली कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण. साबणाच्या सौम्य पाण्यात फडके बुडवून तो पुसून काढावा आणि आठवड्याने पुन्हा तपासावे.

इथला हिवाळा

सारंगी वडाला साधारण ६५ ते ७५ अंश फॅरनहाइट तापमान मानवते. ५५ च्या खाली ठेवू नका. हीटरची गरम हवा जिथून येते ती जाळी आणि सारखे उघडणारे बाहेरचे दार, या दोन्हींपासून झाड लांब असावे. पाने थंड काचेला टेकू देऊ नका. पानांवर पाणी फवारल्याने दमटपणा काही मिनिटेच टिकतो. त्यापेक्षा दोन-चार कुंड्या जवळजवळ ठेवणे किंवा खोलीत ह्युमिडिफायर लावणे बरे. हिवाळ्यात वाढ मंदावते, तेव्हा खत देऊ नका. वसंत ऋतूपासून उन्हाळा संपेपर्यंत महिन्यातून एकदा पातळ केलेले द्रवखत पुरते.

दुकानातून आणल्यावर किंवा घर बदलल्यावर झाड दोन-चार पाने टाकते. घाबरून त्याला रोज नव्या कोपऱ्यात हलवू नका. एक चांगली जागा ठरवा आणि दोन महिने धीर धरा.

एकाची दोन झाडे

या झाडाचे एक पान देठासकट पाण्यात ठेवले तर त्याला मुळे फुटतात, पण झाड कधीच होत नाही. नवा कोंब फुटायला खोडावरचा डोळा लागतो आणि नुसत्या पानाला तो नसतो. म्हणून आपल्याकडे डाळिंबाला करतात तशी गुटी कलमाची पद्धत वापरावी. उन्हाळ्याच्या सुरुवातीला फांदीवरची इंचभर साल गोल काढायची, तिथे ओले शेवाळ बांधायचे आणि वरून प्लास्टिक घट्ट गुंडाळायचे. एक-दोन महिन्यांत शेवाळात मुळे दिसू लागली, की त्याखाली फांदी कापून नव्या कुंडीत लावायची. चाकूचे काम मोठ्यांनीच करावे. कापल्यावर वडासारखाच पांढरा चीक येतो. तो कातडीला आणि डोळ्यांना झोंबतो, म्हणून हातमोजे घालावेत. कुत्र्या-मांजरांनी पाने चावली तर त्यांनाही त्रास होतो.

भारतात जाताना

जून-जुलैत आपल्यापैकी बरेच जण चार-सहा आठवडे भारतात जातात, आणि नेमके तेच झाडाचे वाढीचे दिवस असतात. तेवढे दिवस ते पाण्याशिवाय राहणार नाही. बादलीत किंवा टबात उभे करून जाण्याचा उपाय तर मुळीच नको, मुळे कुजतील. झाड उचलून दुसऱ्याच्या घरी नेण्यापेक्षा दुसऱ्याला आपल्या घरी बोलवावे, कारण जागा बदलली की पाने गळतात.

निघण्यापूर्वी भरपूर पाणी घाला आणि खिडकीचा पडदा अर्धा ओढा. मग शेजाऱ्यांसाठी एक चिठ्ठी लिहा: आठवड्यातून एकदाच यावे, आधी बोट घालून पाहावे, माती ओली असल्यास काहीही न करता परत जावे. शेवटचे वाक्य ठळक लिहा. भल्या शेजाऱ्यांना रिकाम्या हाताने परत जाणे जड जाते आणि ते ‘थोडेसे’ पाणी घालूनच जातात.

आपल्या वर्गातली जी कुटुंबे या उन्हाळ्यात इथेच राहणार आहेत आणि ज्यांना आठवड्यातून एक फेरी जमेल, त्यांनी वर्गाच्या दाराजवळच्या तक्त्यावर नावे लिहावीत. जाणाऱ्यांनीही लिहावीत, म्हणजे जोड्या लावता येतील. चिठ्ठी मात्र मुलांनी स्वतःच्या हाताने लिहायची आहे, आणि शेजारी मराठी असतील तर मराठीतच. चिठ्ठीतील शुद्धलेखन वर्गात तपासून मिळेल.