चॉकलेटची वडी वितळते, लाडू का टिकतो?

प्रश्न बार्शीटाकळीहून आला आहे. विचारणाऱ्या ताईंनी यंदा मुलांसाठी विकतचं चॉकलेट बंद करून घरीच ‘नैसर्गिक’ चॉकलेट करायचं ठरवलं. मोबाइलवर पाहिलेली कृती सोपी होती. खोबरेल तेल कोमट करा, त्यात कोको पावडर घाला, साखरेऐवजी गुळाची पावडर आणि चमचाभर मध घाला, साच्यात ओता, फ्रीजमध्ये ठेवा. वड्या छान सुटल्याही. पण ताट बैठकीत येईपर्यंत त्यांचं तेल झालं. ‘पोट्टे हात चाटत बसले. पंख्याखाली सारं इरघळून गेलं अन् खाली जे राहिलं ते रेतीवानी कचकच लागते. गूळ खराब होता का कोको?’ असं त्या विचारतात. पत्र एप्रिलमधलं आहे.

गूळ खराब नव्हता, कोकोही नव्हता. ती कृती मुळात थंड मुलखातली. बार्शीटाकळीत एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या घरात गेला तरी कोणाला त्याची नवलाई नसते, आणि कूलर लावूनही घर तिशीखाली उतरायला कां-कूं करतं. खोबरेल तेल वितळतं २४ अंशांच्या आसपास. म्हणजे फ्रीजचं दार उघडलं तेव्हाच त्या वड्यांचं भवितव्य ठरलं होतं.

मग अस्सल चॉकलेट तरी टिकलं असतं का? फार नाही, आणि त्याचं कारण मोठं गमतीचं आहे. चॉकलेटला आकार देते ती कोकोच्या बीमधली चरबी, म्हणजे कोको बटर. ही एकच चरबी सहा निरनिराळ्या प्रकारे गोठते, हे विल आणि लटन या संशोधकांनी १९६६ मध्ये दाखवलं. पहिला प्रकार १७ अंशांवरच वितळतो, चौथा साडेसत्तावीसला, पाचवा ३४च्या जवळ आणि सहावा ३६च्या किंचित वर. पदार्थ तोच, घटक तेच. फरक फक्त रेणू कसे रचले गेले याचा.

लग्नाच्या मंडपातल्या प्लास्टिकच्या खुर्च्या आठवा. सगळ्या एका साच्यातल्या असल्या आणि कोणी शांतपणे एकात एक बसवल्या, तर वीस खुर्च्यांची चळत धक्का लागला तरी हलत नाही. पंगत उठल्यावर पोरांनी भराभर फेकल्या, तर तेवढ्याच खुर्च्यांचा ढीग डुगडुगत राहतो. कोको बटरचंही हेच. (चरबीचे स्फटिक अभ्यासणारे लोकही रेणूच्या या ठेवणीला चक्क ‘खुर्ची’ म्हणतात!) वितळलेलं चॉकलेट घाईनं फ्रीजमध्ये कोंबलं की नुसता ढीग होतो. तेच ४५ ते ५० अंशांवर पूर्ण वितळवून, ढवळत २७-२८ पर्यंत उतरवून, पुन्हा ३१-३२ वर आणलं की चळत लागते, म्हणजे पाचवा प्रकार तयार होतो. या उठाठेवीला टेंपरिंग म्हणतात. चॉकलेटची चकाकी, मोडतानाचा ‘टक्’ आवाज आणि तोंडात टाकताच विरघळणं, हे सगळं त्या पाचव्या प्रकाराचं देणं. आता या चळतीत दुसऱ्या डेकोरेशनवाल्याच्या खुर्च्या मिसळून बघा. खोबरेल तेलाच्या रेणूंचे पाय आखूड. ते कोको बटरमध्ये घुसले की चळत सैल पडते आणि वडी आणखी मऊ होते. त्यामुळे ‘थोडं कोको बटर, थोडं खोबरेल’ ही तडजोडही वऱ्हाडात उपयोगाची नाही.

कूलरनं तर दुखणं वाढतं. त्याची हवा गार असते तशी दमटही असते. फ्रीजमधली थंडगार वडी त्या हवेत आली की तिच्यावर दव धरतं, वरची साखर त्यात विरघळते आणि पाणी उडून गेल्यावर खरखरीत पांढुरका थर मागे राहतो. लोक त्याला बुरशी समजून वडी फेकून देतात. ती बुरशी नसते, साखर असते.

राहिली कचकच. ती गूळ आणि मधाची करामत. वितळलेल्या चॉकलेटमध्ये पाणी जवळजवळ नसतंच. चरबीत साखरेचे आणि कोकोचे कोरडे कण सुटे तरंगत असतात. गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो आणि मधात तर सतरा-अठरा टक्के पाणीच असतं. हे पाणी शिरलं की कण ओले होऊन एकमेकांना धरतात, गाठी होतात आणि तेल बाजूला पडतं. शिवाय जिभेला साधारण ३० मायक्रॉनहून मोठा कण जाणवतो. कारखान्यात चॉकलेट त्याहून बारीक दळतात. आपल्या मिक्सरच्या भांड्याकडून ती अपेक्षा करू नये.

इथवर पदार्थविज्ञान झालं. ताईंचा खरा हेतू आरोग्याचा होता, आणि तिथे मात्र ‘नैसर्गिक’ या शब्दाची थोडी झाडाझडती घ्यायला हवी. १०० ग्रॅम साखरेत सुमारे ४०० किलोकॅलरी, गुळात ३८०च्या आसपास. गुळात थोडी खनिजं जास्त, चव तर फारच जास्त. पण तो साखरच आहे, आणि मधही. साखर रोजच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत, जमल्यास ५ टक्क्यांच्या आत ठेवा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलं. त्या हिशेबात मध नावानिशी धरला आहे. ५ टक्के म्हणजे मोठ्या माणसाला दिवसाचे साधारण २५ ग्रॅम. ‘शुगर-फ्री, फक्त गूळ’ असं लिहिणाऱ्यांना हे कोणी तरी सांगायला हवं.

चॉकलेटमध्ये गुणाचं जे काही आहे ते कोकोच्या चोथ्यात, म्हणजे कोको पावडरीत आहे. तिच्यात सुमारे ३० टक्के तंतुमय भाग असतो आणि फ्लॅव्हेनॉल नावाची कडवट-तुरट द्रव्यं असतात. इथेच एक जुना डच उद्योग आडवा येतो. १८२८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या व्हॅन हाउटेन घराण्यानं बियांतली चरबी दाबून काढायच्या यंत्राचं पेटंट घेतलं, आणि पुढे पावडर पाण्यात चांगली मिसळावी, चव सौम्य व्हावी म्हणून तिला क्षार लावायला सुरुवात केली. रंग गडद झाला, तुरटपणा गेला आणि त्याबरोबर फ्लॅव्हेनॉलही गेली. २००८ मध्ये अमेरिकेत झालेल्या मोजणीत क्षार न लावलेल्या कोकोत ग्रॅमला सरासरी ३४.६ मिलिग्रॅम फ्लॅव्हेनॉल सापडली. भरपूर क्षार लावलेल्यात फक्त ३.९. आपण मात्र जितकी काळी पावडर तितकी ‘स्ट्राँग’ असं समजून नेमकी तीच उचलतो.

अर्थात फ्लॅव्हेनॉल म्हणजे संजीवनी नव्हे. अमेरिकेतल्या ‘कॉसमॉस’ चाचणीत २१ हजारांहून जास्त वयस्क माणसांना काही वर्षं एकतर रोज ५०० मिलिग्रॅम फ्लॅव्हेनॉल असलेला कोकोचा अर्क किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली. २०२२ मध्ये निकाल आला: हृदयविकाराच्या एकूण घटनांत ठोस म्हणावी अशी घट नाही, हृदयविकारानं होणारे मृत्यू मात्र २७ टक्के कमी. आशेला जागा आहे, पण तो अर्क होता, चॉकलेट नव्हे. आणि चाचणीमागे चॉकलेट कंपनीचा पैसाही होता. ‘चॉकलेट खा, बारीक व्हा’ या बातमीची गोष्ट तर मला फार आवडते. २०१५ मध्ये जॉन बोहॅनन या पत्रकारानं जाणूनबुजून एक तकलादू अभ्यास केला. माणसं पंधरा, मोजमापं अठरा. इतक्या कमी माणसांवर इतक्या गोष्टी मोजल्या की योगायोगानं एखादी तरी जुळणारच, हे त्याला ठाऊक होतं. नियतकालिकानं तो छापला, जगभरच्या वर्तमानपत्रांनी मथळे केले, आणि मग त्यानं स्वतःच भांडं फोडलं.

मग उन्हात टिकणारं चॉकलेट होऊच शकत नाही का? होऊ शकतं, आणि त्यावरचं मोलाचं काम आपल्याच देशात झालं आहे. म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत एस. येल्ला रेड्डी आणि टी. जेयराणी यांनी १९९९ मध्ये कोकमाच्या आणि मोहाच्या बियांच्या चरबीपासून उष्णता सोसणारी कोको बटरची जोड तयार केली. कोकमाची चरबी, म्हणजे कोकणात भेगाळलेल्या टाचांना लावतात ते मुठेल, चाळीस अंशांच्या आसपास वितळतं. आणि तिचे रेणू कोको बटरच्या रेणूंचे सख्खे भाऊ शोभावेत असे, त्यामुळे चळत मोडत नाही. मोह तर आपल्या मेळघाटात पोत्यांनी. युरोपीय संघानं २००० साली कोको बटरबरोबर चालतील अशा सहा वनस्पतिज चरबी ठरवल्या, त्यांत कोकम, साल आणि आंब्याची कोय आहेत. स्वित्झर्लंडच्या चॉकलेटवाल्यांची नावं आपल्या पोरांना पाठ असतात. येल्ला रेड्डी हे नाव किती पालकांनी ऐकलं असेल?

दुसरा मार्ग सैन्यानं शोधला. १९३७ मध्ये अमेरिकी लष्कराच्या कॅप्टन पॉल लोगन यांनी हर्शी कंपनीला अट घातली: वडी चार औंसांची हवी, ताकद देणारी हवी, उन्हात टिकणारी हवी आणि चव उकडलेल्या बटाट्याहून जराशीच बरी हवी, नाहीतर शिपाई आणीबाणीआधीच फस्त करतील! कंपनीचे रसायनज्ञ सॅम हिंकल यांनी चॉकलेटमध्ये ओटचं पीठ कालवलं. ते मिश्रण इतकं घट्ट झालं की ओतता येईना. साच्यात हातानं दाबून बसवावं लागे. चरबी वितळली तरी पिठाचा सांगाडा तिला धरून ठेवायचा.

पीठ, दाणे आणि चिकट गोडी एकत्र करून हातानं दाबायचं, याला आपण लाडू म्हणतो. लाडवाचा आकार चरबीच्या स्फटिकांवर अवलंबून नसतो, म्हणून तो ४५ अंशांतही लाडूच राहतो. तेव्हा ताई, वडीचा नाद सोडा. एक वाटी भाजलेल्या शेंगदाण्यांचा कूट, अर्धी वाटी भाजलेले तीळ, अर्धी वाटी ज्वारीच्या लाह्यांचं पीठ, एक वाटी मऊ खजूर बिया काढून वाटलेला आणि चार मोठे चमचे कोको. कूट भरडच ठेवा. मिक्सर जास्त फिरवला की दाण्याचं तेल सुटतं आणि लाडू बसतो. खजुरातही साखर आहेच, पण ती फळाच्या तंतूंसकट पोटात जाते. तरी लाडू लिंबाएवढाच वळा आणि मुलांना दिवसाला एक द्या. इथे खजुरातलं पाणी आडवं येत नाही, उलट तेच बांधून धरतं.

कोको घेताना पाकीट उलटून बघा. घटकांत ‘अल्कलाइज्ड’ किंवा आयएनएस ५०१ दिसलं तर क्षार लावलेला आहे; फिक्या तपकिरी रंगाचा, साधा कोको मागा. ‘कंपाउंड’ म्हणून मिळणाऱ्या स्लॅबमध्ये कोको बटरच्या जागी बहुधा पामची चरबी असते आणि यादीत पहिली साखर. तो केकवाल्यांना राहू द्या. आणि टक् वाजणारी वडी करायचीच हौस असेल, तर खोबरेल न घालता, कोको बटर आणि कोरडी दळलेली साखर बेताची घेऊन, डिसेंबर-जानेवारीतल्या एखाद्या सकाळी करा. वऱ्हाडातलं स्वयंपाकघर तेव्हा टेंपरिंगला पुरेल इतकं गार असतं.