ससा तोच, त्रिकोण कमी

१९९४ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात ग्रेग टर्क आणि मार्क लेव्हॉय यांनी मातीचा एक ससा लेसरने सर्व बाजूंनी मोजून संगणकात उतरवला. संगणकातला हा ससा म्हणजे त्रिकोणांची जाळी आहे; तीत ६९,४५१ त्रिकोण आहेत. ससा पडद्यावर मोठा दिसत असेल तर ठीक. पण तो दूर, नखाएवढा दिसत असतानाही सगळे त्रिकोण सेकंदाला पंचवीस-तीस वेळा पुन्हा काढत बसणे ही उधळपट्टीच. मग कमी कोणते करायचे?

एक कड घ्या आणि तिची दोन टोके एकत्र आणून एकच बिंदू करा. कडेलगतचे दोन्ही त्रिकोण मिटतात. ती कड तर जातेच, शिवाय त्या प्रत्येक त्रिकोणाच्या उरलेल्या दोन कडा एकमेकींवर बसतात. म्हणजे शिरोबिंदू १, पृष्ठे २ आणि कडा ३ कमी झाल्या. बंद घनाकृतीसाठी ऑयलरचे सूत्र (पृष्ठे + शिरोबिंदू = कडा + २) आपण वर्गात शिकवतो, ते इथे अबाधित राहते. मुलांना फळ्यावर करून पाहू द्या.

आधी कोणती कड मिटवावी, याचे सुरेख उत्तर कार्नेगी मेलन विद्यापीठातील मायकेल गार्लंड आणि पॉल हेकबर्ट यांनी १९९७ साली दिले. कडेच्या दोन्ही टोकांशी जे त्रिकोण मिळतात, त्यांच्या प्रतलांपासून नवा बिंदू किती दूर पडेल? त्या लंब अंतरांच्या वर्गांची बेरीज म्हणजे कड मिटवण्याची किंमत. टेबलाच्या सपाट फळीच्या मधोमध ती शून्य, सशाच्या कानाच्या टोकाशी भरपूर. सर्वांत स्वस्त कड आधी मिटवायची, शेजारच्या किमती नव्याने काढायच्या, आणि पुन्हा तेच. गंमत अशी, की एका बिंदूभोवतालच्या सर्व प्रतलांची माहिती अवघ्या १० संख्यांत मावते. दोन बिंदू एक झाले की त्या संख्यांची नुसती बेरीज करायची!

मात्र अंतर म्हणजे दिसणे नव्हे. मी एकदा रंगवलेल्या लाकडी पाटाची प्रतिकृती अशीच हलकी केली. रंग शिरोबिंदूंना चिकटवलेले होते. पाट जसाच्या तसा राहिला, नक्षी मात्र पार पुसली गेली, कारण सपाट भागातल्या कडा फुकटच होत्या. १९९८ साली त्याच दोघांनी रंगही जादा निर्देशक म्हणून हिशेबात घेतले. बाह्यरेषेचा प्रश्न त्याने सुटत नाही. आतला भाग छायाप्रकाशाने गुळगुळीत भासवता येतो, पण कडेला त्रिकोणांचे कोपरे उघडे पडतात. म्हणून तपासताना मी आकृती आधी पूर्ण काळी करतो आणि उजळ पडद्यावर फिरवून पाहतो.